टेलिफोटो झूम लेन्स: पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडायला लागली आणि भिगवणला फ्लेमिंगो आल्याची बातमी फिरली की टेलिफोटो लेन्सबद्दलचे मेसेज सुरू होतात, आणि प्रश्न बहुतेक तेच तेच असतात, कुठली घेऊ, फोटो सॉफ्ट का येतात, सेकंडहँड घेतली तर फसणार नाही ना. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. लेन्सला नावं ठेवायच्या आधी अंतर, हवा आणि शटर या तीन गोष्टी बघायच्या, हे बऱ्याच उत्तरांत परत परत येईल कारण खरी गोम बहुतेक वेळा तिथेच असते.

१. टेलिफोटो झूम म्हणजे नेमकी कुठली लेन्स? माझी ७०-३०० पण टेलिफोटोच का?

हो, तीही टेलिफोटोच. ५५-२५०, ७०-२००, ७०-३००, १००-४०० आणि पक्षीवाल्यांच्या हातात दिसते ती १५०-६०० किंवा २००-६००, सगळ्या याच घरातल्या. झूम म्हणजे फोकल लेंग्थ (लेन्सच्या नावातला मिमीचा आकडा, जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) बदलता येते एवढंच, लांबचं जवळ दिसणं हा झूमचा गुण नाही, १८-५५ पण झूमच आहे. जिची फोकल लेंग्थ बदलत नाही ती प्राइम, उदाहरणार्थ ५०० एफ ४ (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), ती जास्त शार्प आणि जास्त उजेड घेणारी असते पण वजन आणि किंमत दोन्ही वेगळ्याच पातळीवर जातात.

२. मोबाईलमध्ये १०० एक्स झूम आहे, मग एवढी मोठी लेन्स कशाला?

त्या १०० एक्समधला खरा ऑप्टिकल भाग बहुतेक फोनमध्ये तीन ते पाच पट असतो, काही मॉडेलमध्ये दहा पट, उरलेलं सगळं क्रॉप (फोटोचा मधला भाग कापून मोठा करणं) आणि सॉफ्टवेअर. पाषाण तलावावर पक्षी ओळखण्यापुरता फोटो हवा असेल तर फोन चालतो. पंखांची रचना दिसायला हवी, पक्षी उडताना पकडायचा असेल, तर नाही चालत.

३. बर्डिंगसाठी ३०० पुरेल की ६०० च पाहिजे?

हे एका साध्या गणिताने कळतं आणि लेन्स घ्यायच्या आधी प्रत्येकाने ते करावंच. पक्ष्याची लांबी गुणिले फोकल लेंग्थ भागिले अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये, की सेन्सरवर पक्षी केवढा येणार ते कळतं. छोटा खंड्या साधारण १७ सेंटीमीटरचा, तो १० मीटरवर बसलाय आणि तुमच्याकडे ६०० आहे, तर १७० गुणिले ६०० भागिले १०,००० म्हणजे सेन्सरवर १०.२ मिमी, आणि क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान, बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो तो) साधारण २३.५ मिमी रुंद असतो म्हणजे निम्म्याच्या थोडी कमी फ्रेम भरली, फोटो झाला. तोच ३०० ने काढला तर ५ मिमी, म्हणजे मोठ्या फ्रेममध्ये छोटासा खंड्या, बराच क्रॉप करावा लागणार.

आता फ्लेमिंगो घ्या. उभा असताना सव्वा-दीड मीटर उंच, १.३ धरू, नावेतून ५० मीटरवर आहे. ६०० ने तो सेन्सरवर १५.६ मिमी येतो आणि क्रॉप सेन्सरची उंचीच जवळपास तेवढी, म्हणजे डोकं किंवा पाय कापले जाणार, थव्याचं तर विसराच. इथे ३०० च बरी, अर्धी फ्रेम पक्षी आणि आजूबाजूला पाणी, थवा, सगळं येतं. म्हणजे कवडी पाटला किंवा सिंहगड व्हॅलीत छोट्या पक्ष्यांमागे फिरणार असाल तर ५००-६०० लागतेच, पण मुख्य ओढ भिगवणची असेल तर आधी आहे ती ७०-३०० घेऊन जा. मयूरेश्वर अभयारण्यातले चिंकारा बरेच लांब असतात, तिथे ६०० पण कमी वाटते, पण तिथली खरी अडचण वेगळीच आहे, ती प्रश्न ९ मध्ये.

४. क्रॉप बॉडीवर ६०० ची ९०० होते म्हणतात, खरंच होते का?

लेन्स ६०० च राहते. क्रॉप सेन्सर मधला तुकडाच घेतो म्हणून फ्रेम ९०० सारखी दिसते (निकॉन, सोनीत १.५ पट, कॅननमध्ये १.६). पक्ष्यावर किती पिक्सेल पडले हे सेन्सरवरचे पिक्सेल किती दाट आहेत त्यावर ठरतं. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप बॉडीवर २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमपेक्षा पक्ष्यावर जास्त पिक्सेल मिळतात, त्यामुळे दिवसाउजेडी पक्ष्यांसाठी क्रॉप बॉडी अजिबात कमीपणाची नाही. फक्त हात हलला तर तेही तेवढंच मोठं होऊन दिसतं.

५. एफ ६.३ खूप अंधारी आहे का? की सरळ ७०-२०० एफ २.८ घेऊ?

एफ २.८ ने ६.३ पेक्षा साधारण पाचपट उजेड आत येतो, हा फरक मोठा आहे. पण २०० मिमीने छोटा पक्षी मिळत नाही, त्यामुळे दोन लेन्सची तुलनाच होत नाही, कामं वेगळी आहेत. विसर्जन मिरवणूक, ढोल-ताशा, नाटक, संध्याकाळचे कार्यक्रम यासाठी ७०-२०० एफ २.८ ला तोड नाही. पक्ष्यांसाठी सकाळच्या उन्हात एफ ६.३ आरामात चालते, पण सिंहगड व्हॅलीत झाडाखाली स्वर्गीय नर्तक आला तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० च्या वर जावंच लागतं आणि जावं, थोडा नॉइज आलेला फोटो नंतर सुधारतो, हललेला फोटो कशानेच सुधारत नाही.

६. मग कुठली घेऊ? नाव सांगा ना.

बॉडी कुठली आहे त्यावर अर्धं उत्तर ठरतं. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर सिग्मा १५०-६०० कंटेंपररी (साधारण १.९ किलो), टॅमरॉन १५०-६०० जी२ (२ किलोच्या आसपास) आणि निकॉनवाल्यांसाठी २००-५०० एफ ५.६ (ट्रायपॉडला लावायच्या कॉलरसकट २.३ किलो), तिन्ही सेकंडहँडमध्ये भरपूर फिरतात. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या बॉडीत) सोनी २००-६०० (२०१९ ची, झूम केली तरी लांबी वाढत नाही), निकॉन झेड १८०-६०० (२०२३), आणि कॅननची आरएफ १००-५००, जी कॉलर काढून १.४ किलोच्या आतच आहे पण ५०० ला एफ ७.१ होते.

माझं मत विचाराल तर वजनाला लोक फार कमी महत्त्व देतात. सिग्माची जुनी डीएसएलआरवाली १५०-६०० स्पोर्ट २.८६ किलोची आहे, बॉडी धरून साडेतीनच्या वर, आणि ती घेऊन वेताळ टेकडी चढून दोन तास हातात धरून उभं राहणं सगळ्यांना जमत नाही, मग ती लेन्स कपाटात राहते. कॅननची आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅमची आहे, ४०० ला एफ ८ होते, तरी रोज सकाळी बाहेर पडणाऱ्याच्या हातात मी तीच देईन. पुण्यात लेन्स भाड्याने मिळतात, एक शनिवार-रविवार घेऊन बघा, खांदे काय म्हणतात ते आधी कळेल.

७. शटर स्पीड किती ठेवू?

बसलेला पक्षी १/५०० च्या खाली नको, शांत बगळा असेल आणि टेका घेतला असेल तर कमीही चालतं. उडणारा पक्षी १/२००० पासून पुढे, नदी सुरयासारखा गिरक्या मारणारा असेल तर १/३२०० सुद्धा कमी पडतं. हात हलण्यासाठीचा जुना ठोकताळा म्हणजे फोकल लेंग्थच्या उलट, ६०० ला १/६००, आणि क्रॉप असेल तर १/९००, म्हणजे १/१००० धरा. मॅन्युअल मोड, अपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) पूर्ण उघडं, शटर आपण ठरवायचं आणि आयएसओ ऑटोवर, टेलिफोटोसाठी हे सेटिंग बहुतेक ठिकाणी चालतं.

८. व्हीआर, ओएस, आयएस हे सगळं एकच का? आणि कायम चालू ठेवायचं का?

एकच, सगळे स्टॅबिलायझर, कंपनीप्रमाणे नाव वेगळं. ते फक्त तुमचा हात हलणं सावरतं, पक्ष्याची हालचाल थांबवत नाही. “स्टॅबिलायझर आहे ना” म्हणून १/१२५ ला उडता चक्रवाक काढला तर तो फराटाच येणार. पॅनिंग करताना (उडत्या पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवताना) मोड २ लावा (बहुतेक लेन्समध्ये तो आडव्या हालचालीला अडवत नाही). ट्रायपॉडवर घट्ट बसवली असेल तर बंद करा, काही नव्या लेन्स स्वतः ओळखतात, तेवढं मॅन्युअल वाचा. नावेत कायम चालू, नावेत ट्रायपॉडचा काही उपयोग नाही, मोनोपॉड किंवा कोपर गुडघ्यावर टेकवून बसणं सगळ्यात बरं.

९. भिगवणला गेलो होतो, एवढी महाग लेन्स, तरी सगळे फोटो सॉफ्ट. लेन्स खराब निघाली का?

किती वाजता काढले ते आधी सांगा. बहुतेक वेळा उत्तर येतं की पुण्यातून सातला निघालो, शंभरेक किलोमीटर, मध्ये नाश्ता, मग कुंभारगावला नावेत बसेपर्यंत साडेदहा. तोवर ऊन तापलेलं असतं, काठ गरम, पाणी थंड, आणि मधल्या हवेच्या थरांचं तापमान वेगवेगळं असल्याने उजेड वाकतवाकत तुमच्यापर्यंत येतो. डांबरी रस्त्यावर दुपारी लांबचं हलताना दिसतं तीच ही गोष्ट. व्ह्यूफाइंडरमधून नीट बघा, फ्लेमिंगोचे पाय सरळ रेषेत दिसायच्या ऐवजी नागमोडी दिसतात, पाण्याची कड थरथरत असते, आणि बर्स्टमधल्या (एका दमात काढलेल्या) दहा फोटोंत पक्ष्याची चोच प्रत्येक फोटोत जरा वेगळ्या आकाराची येते. हे दिसलं की समजायचं, लेन्सचा दोष नाही. यावर महाग लेन्स, ट्रायपॉड, शटर कशाचाच इलाज नाही, उलट जितकी फोकल लेंग्थ जास्त आणि अंतर जास्त तितकं ते मोठं होऊन दिसतं.

इलाज दोनच, लवकर जा आणि जवळ जा. आदल्या रात्री तिथे मुक्काम करून उजाडताना नावेत बसा. जवळ जा म्हणजे थव्यात घुसा असं नाही, नावाड्याला सांगून लांबच थांबा आणि पक्षी चरत चरत तुमच्याकडे येऊ द्या. मयूरेश्वरला आणि कडबनवाडीच्या माळावर उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर हेच होतं, जमीन तापली की शंभर मीटरवरचा प्राणी शार्प येतच नाही. गाडीतून काच खाली करून काढताना सुद्धा आतली एसीची थंड हवा आणि बाहेरची गरम हवा लेन्ससमोरच मिसळते, एसी बंद करून थोडं थांबा.

आणि सकाळी साडेसहाला, वीस मीटरवरचा, १/२००० चा फोटो पण सॉफ्ट असेल तर मात्र पुढचा प्रश्न वाचा.

१०. लेन्स शार्प आहे की नाही घरच्या घरी कसं तपासायचं?

सकाळी लवकर, ऊन तापायच्या आत. गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये १०-१५ मीटर जागा लागते. बारीक अक्षरांचा पेपर भिंतीला सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीशी अगदी काटकोनात, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर. मग सगळ्यात लांब फोकल लेंग्थला पूर्ण उघड्या अपर्चरला एक आणि एफ ८ ला एक, तसंच मधल्या फोकल लेंग्थला. बहुतेक १५०-६०० लेन्स ६०० ला पूर्ण उघड्यावर थोड्या मऊ असतात आणि एफ ८ ला सुधारतात, हा दोष नाही, स्वभाव आहे.

दोष ओळखायचा चार कोपऱ्यांवरून. चारही कोपरे सारखे मऊ असतील तर ठीक, पण डावी बाजू स्वच्छ आणि उजवी धुरकट असेल तर आतली काच सरकलेली असू शकते, त्याला डीसेंटरिंग म्हणतात. कॅमेरा उलटा करून परत काढा, फोटोत धुरकट बाजू तीच राहिली तर लेन्स, बदलली तर तुमचा पेपर तिरका होता.

डीएसएलआर असेल तर अजून एक: तोच फोटो व्ह्यूफाइंडरने फोकस करून आणि लाइव्ह व्ह्यूने फोकस करून काढा. लाइव्ह व्ह्यूचा शार्प आणि व्ह्यूफाइंडरचा सॉफ्ट आला तर काच चांगली आहे, फोकस पुढेमागे पडतोय, बॉडीत एएफ फाइन ट्यून असेल तर सुटतं, सिग्माच्या डॉकने किंवा टॅमरॉनच्या टॅप-इनने लेन्समध्येही बदलता येतं (सगळ्या मॉडेलला नाही). मिररलेसमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही.

लांबच्या तपासणीसाठी समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवरची अक्षरं चांगली, पण तीही उजाडताना, नाहीतर प्रश्न ९ परत दारात.

११. सेकंडहँड घेतोय, समोर बसून काय काय बघू?

मोबाईलचा टॉर्च. लेन्सची दोन्ही झाकणं काढा, एका बाजूने टॉर्च तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा, झूम फिरवत फिरवत, कारण काही काचा झूम बदलल्यावरच नजरेत येतात. सुटे ठिपके म्हणजे धूळ, थोडी असणारच, फोटोत दिसत नाही. काचेच्या कडेकडून आत पसरलेले कोळिष्टकासारखे बारीक धागे म्हणजे फंगस, तिथे सौदा थांबवा, विकणारा कितीही म्हणू दे की फोटोत येत नाही. पूर्ण काचेवर दुधट पापुद्रा म्हणजे हेझ, उजेडाकडे तोंड करून फोटो काढला की कॉन्ट्रास्ट मरतो, तीही नको.

मग लेन्स तोंड खाली करून धरा, झूम आपोआप घसरली तर बांधणी सैल झालीय, किंमत पाडायला वापरता येतं, लॉक चालतोय ना बघा. माउंटचे स्क्रू झिजलेले, खरवडलेले दिसले तर कुणीतरी उघडलीय. हुडच्या कडा आणि फिल्टरच्या आट्यांवर ठेच आहे का. तुमची स्वतःची बॉडी घेऊनच जा, जवळून लांब आणि लांबून जवळ फोकस पाच-सहा वेळा फिरवा, कुरकुर आवाज, अडखळणं, एरर यायला नको. फोकस लिमिटर आणि स्टॅबिलायझरची बटणं खरंच काम करतात का ते बघा. बिल आणि सिरीयल नंबर जुळवा, भारतातली वॉरंटी आहे का विचारा. एक कार्ड भरून फोटो काढून घरी आणा, प्रश्न १० प्रमाणे तपासा आणि मगच पैसे. ज्याची लेन्स चांगली आहे तो एक दिवस थांबतो.

१२. पावसाळ्यात फंगस येऊ नये म्हणून काय करू?

जून ते सप्टेंबर बॅगेत बंद करून ठेवू नका, हा पहिला नियम. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि एक स्वस्त हायग्रोमीटर, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास. जेलचा रंग बदलला की गरम करून परत वापरा. परवडत असेल तर ड्राय कॅबिनेट. वेदर सीलिंग म्हणजे वॉटरप्रूफ नाही, पावसात भिजली तर पुसून, झूम बाहेर काढून उघड्यावर सुकू द्या, तशीच आत ढकलू नका.

१३. टेलिकन्व्हर्टर लावून ६०० ची ८४० करू का?

टेलिकन्व्हर्टर म्हणजे बॉडी आणि लेन्सच्या मध्ये लावायची, फोकल लेंग्थ वाढवणारी छोटी लेन्स. १.४ एक्सने एक स्टॉप उजेड जातो (म्हणजे निम्मा), २ एक्सने दोन. एफ ६.३ ची एफ ९ होते, आणि डीएसएलआरचा फोकस बहुतेक बॉडीत एफ ८ ला तरी थांबतो, म्हणजे फोकसच होणार नाही. मिररलेसवर होतो, पण सकाळच्या चांगल्या उजेडात. कॅनन आरएफ १००-५०० ला कन्व्हर्टर लावला तर झूम ३०० च्या खाली जातच नाही, हे घ्यायच्या आधी माहीत असावं. माझ्या मते एफ ६.३ झूमवर कन्व्हर्टर लावण्यापेक्षा फोटो क्रॉप करा.

१४. पुढे यूव्ही फिल्टर लावायचा ना? दुकानदार म्हणतो लावाच.

टेलिफोटोवर स्वस्त फिल्टर शार्पनेस खरोखर खातो, आणि यातल्या बऱ्याच लेन्सना ९५ मिमीचा लागतो, चांगला घ्यायचा तर महाग पडतो. हुड लावून ठेवा, ठेच तोच झेलतो आणि आडवा उजेडही अडवतो. फिल्टर आधीच लावला असेल आणि फोटो सॉफ्ट येत असतील तर लेन्स तपासायच्या आधी तो काढून बघा.

१५. दिवेघाटातल्या पालखीच्या फोटोत माणसं इतकी दाट कशी दिसतात?

लांबून काढल्यामुळे. लोक म्हणतात टेलिफोटो अंतर दाबते, पण ते काम तुमच्या उभं राहण्याच्या जागेचं आहे. तुम्ही पाचशे मीटरवर असाल तर पुढची दिंडी आणि मागची दिंडी यांच्यातलं अंतर त्यामानाने किरकोळ होतं म्हणून दोन्ही सारख्या आकाराच्या दिसतात, लेन्स फक्त तो भाग मोठा करून देते. म्हणून वारकऱ्यांच्या मध्ये उभं राहून २०० लावली तर तसा फोटो येत नाही, समोरच्या वळणावर, उंचावर जागा धरावी लागते.

१६. चंद्र नुसता पांढरा गोळा येतो.

चंद्रावर ऊन पडलेलं असतं, त्याला रात्रीचं एक्सपोजर देऊ नका. एफ ८, आयएसओ २००, १/४०० च्या आसपास सुरुवात करा. सेन्सरवर चंद्र फोकल लेंग्थच्या साधारण ११० व्या भागाएवढा येतो, ६०० ला साडेपाच मिमी, म्हणजे क्रॉप फ्रेमच्या उंचीचा तिसरा हिस्सा. पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या आसपास विवरं जास्त उठून दिसतात कारण ऊन बाजूने पडतं.

१७. माझी बॉडी जुनी आहे, नवीन लेन्स बसेल का?

बसणं आणि चालणं वेगळं. निकॉन २००-५०० डी९० वर बसते पण तिचं अपर्चर इलेक्ट्रॉनिक असल्याने त्या बॉडीवर बदलत नाही. निकॉनच्या एएफ-पी लेन्स काही जुन्या बॉडीवर फोकसच करत नाहीत. उलट बाजूने, जुनी ८०-२०० एफ २.८ एएफ-डी एफटीझेड अडॅप्टरने झेड बॉडीवर लावली तर हाताने फोकस करावा लागतो कारण तिच्यात मोटरच नाही. कॅननच्या ईएफ लेन्स मात्र कॅननच्याच अडॅप्टरने आर बॉडीवर बिनधास्त चालतात. सिग्मा, टॅमरॉन असेल तर फर्मवेअर अपडेट लागतो का ते आधी बघा.

१८. घरट्याचे फोटो काढले तर चालतील? लांबूनच काढतो.

नका काढू. ६०० असली तरी तुम्ही थांबलात की पक्षी थांबतो, पिल्लांना खाऊ मिळायचा उशीर होतो आणि तुमच्याकडे बघून कावळ्याला जागा कळते. आडव्या आलेल्या फांद्या बाजूला करणं, मोबाईलवर आवाज वाजवून बोलावणं, फ्लेमिंगो उडवण्यासाठी नाव थव्यात घालायला सांगणं, हे सगळं त्यातच आलं. लांब लेन्सचा खरा फायदाच हा आहे की पक्ष्याला आपली चाहूल न देता बघता येतं.

१९. सूर्यास्ताचा आणि ग्रहणाचा फोटो याच लेन्सने काढू का?

क्षितिजाला टेकलेला, डोळ्यांना सहज बघता येणारा लाल सूर्य थोडा वेळ चालतो, लाइव्ह व्ह्यूवर बघा. वर आलेला सूर्य आणि ग्रहण सोलर फिल्टरशिवाय अजिबात नाही. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून बघितलं तर डोळा कायमचा जाऊ शकतो, मिररलेसमध्ये सेन्सर आणि शटर जळू शकतात. साधा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारा) यासाठी सुरक्षित नाही, एक्स-रेची फिल्म तर नाहीच. फिल्टर लेन्सच्या पुढे, घट्ट, वाऱ्याने उडणार नाही असा बसवायचा आणि लेन्स सूर्याकडे वळवायच्या आधीच बसवायचा. सोलर फिल्म वापरत असाल तर दर वेळी आधी घरातल्या दिव्यासमोर धरून बघा, सुईच्या टोकाएवढं भोक किंवा चरा दिसला तर ती फेकून नवीन आणा.